गाळायचं काम साहेबांचं

माझी बायको आयुष्यात सर्वांत जास्त कोणाशी बोलली असेल, तर ती गणपुल्यांशी. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तरी लिहिताना ती थोडी तक्रार होतेच. आता प्रभा नाही आणि गणपुलेही नाहीत, तेव्हा ते कोणापुढे बोलून दाखवायची सोयही राहिलेली नाही.

दिल्लीत पटपडगंजच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर गणपुल्यांचं दार आमच्या दारासमोर होतं. त्याआधीची ओळख लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली. मी एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात होतो, ते दुसऱ्या मंत्रालयात हिंदी लघुलेखक. उंच, किंचित वाकलेले, थंडीत डोक्याला मफलर आणि उन्हाळ्यात मानेला ओला रुमाल. लग्न केलं नव्हतं. जन्म दिल्लीतला, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेतलं. समोरच्या प्रत्येकाला ते 'साहेब' म्हणत; मला, भाजीवाल्याला, लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्याला. फक्त प्रभाला 'बाई' म्हणत, कारण ती त्याच शाळेत मराठी शिकवायची. ती शाळेत लागली तेव्हा गणपुल्यांना शाळा सोडून जमाना झाला होता, पण शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काही म्हणणं त्यांना जमलं नसतं.

कोणी बोलत असलं की गणपुले मान एका बाजूला कलती करून ऐकत. बोलणारा थांबला की म्हणत, "हं, पुढे." त्यात घाई नसे, कंटाळा नसे. समोरच्याला आपण फार महत्त्वाचं काहीतरी सांगत आहोत असं वाटू लागे. मला तो शब्द कधी सुचला नाही. मी पुस्तकं वाचणारा माणूस. माणूस बोलायचा थांबला की मला वाटायचं, त्याचं बोलून झालं.

त्यांची दुसरी खोड सगळ्या मंत्रालयात प्रसिद्ध होती. साहेब जे बोलले ते सगळं ते उतरवत. एकदा एक मोठे अधिकारी टिपण सांगत होते आणि मध्येच चपराशावर ओरडले. गणपुल्यांनी मसुदा समोर ठेवला. अर्थसंकल्पाच्या तरतुदींबद्दलच्या गंभीर परिच्छेदात सरळ ओळ होती, 'पानी ठंडा क्यों नहीं है, सो रहे थे क्या?' अधिकारी लाल झाले. "गणपुले, ये क्या है?" गणपुले शांतपणे म्हणाले, "सर, आपने बोला था. काटना हो तो काट दीजिए."

हा किस्सा ते आम्हाला मराठीत सांगत आणि शेवटी म्हणत, "आपण गाळायचं नाही. गाळायचं काम साहेबांचं."

प्रभा निवृत्त झाल्यावर तिच्या मनात एक पुस्तक आलं. शाळेतली पोरं घरी मराठी बोलत, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या मराठीतून निम्मं घर नाहीसं झालं होतं. तांदूळ धुवायची 'रोवळी' म्हटलं की वर्ग तोंडाकडे बघायचा. चुलीच्या बाजूचा 'वैल' सांगायला गेली तर एक मुलगी म्हणाली, "बाई, बैल तो पता है, ये वैल क्या होता है?" म्हणून एकेक शब्द घ्यायचा आणि त्याची गोष्ट सांगायची, कोनाडा, फडताळ, शिंकाळं, उंबरा. पण संधिवाताने तिची बोटं वाकली होती. लिहिता येईना. मी म्हणालो असतो, "तू सांग, मी लिहितो." मी ते म्हणायचा विचार करत होतो, तेवढ्यात गणपुले म्हणाले, "बाई, तुम्ही बोला. माझा कॉम्प्युटर रिकामाच बसलाय."

तो कॉम्प्युटर तेव्हाच जुना होता. गणपुल्यांनी निवृत्तीनंतर तो घेतला तो एका अक्षरासाठी. त्यांच्या ऑफिसच्या मशीनवर ळ नव्हता. नोकरीभर त्यांनी कुठे 'टिळक' आलं की ल टाइप करून नंतर पेनाने शेपूट काढलं होतं. मराठीच्या ज्या प्रोग्रॅमवर ते टाइप करत, त्यात ळ होता. त्या प्रोग्रॅमबरोबर बोटाच्या पेराएवढं एक करड्या रंगाचं कुलूप यायचं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलं तरच प्रोग्रॅम उघडे. गणपुले रोज काम सुरू करायच्या आधी हात मागे घालून ते जागेवर आहे ना ते चाचपत.

दुपारी जेवणं झाली की प्रभा समोर जायची. गणपुले आपलं दार सताड उघडं ठेवत आणि ते वाऱ्याने लागू नये म्हणून खाली चपलांचं कपाट सरकवत. एकट्या माणसाच्या घरी शेजारची बाई येते, तेव्हा दार उघडं असावं, एवढी त्यांची रीत. पण त्यामुळे मला माझ्या खुर्चीत बसून सगळं ऐकू यायचं, आणि काहीच कळायचं नाही. तिचा आवाज, कीबोर्डची टकटक, मग तिचं हसणं. हसण्याच्या वेळी टकटक थांबायची आणि लगेच पुन्हा थोडीशी व्हायची. मला त्या थोड्याशा टकटकीचा राग यायचा. हसण्यात टाइप करण्यासारखं काय असतं?

आमच्या मराठी मंडळाची बस एका जानेवारीत काला अंबला गेली, पानिपतच्या स्मारकाला. मला बस लागते, म्हणून मी ड्रायव्हरच्या मागे बसलो होतो. प्रभा आणि गणपुले माझ्या मागे दोन रांगा सोडून. सोनीपतपासून पुढे ती सारखी बोलत होती. मी कान देऊन बसलो होतो, पण बसच्या आवाजात फक्त दोनच शब्द स्पष्ट यायचे. "हं, पुढे." स्मारकापाशी पाहुण्यांचं भाषण झालं. गणपुल्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून ते उतरवलं. चार दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरींच्या हाती भाषण पडलं, त्यात मराठी शौर्याच्या ऐन वर्णनात 'अरे भाई, चाय इधर मत रखो, गिर जाएगी' होतं. सेक्रेटरी कपाळावर हात मारून म्हणाले, "गणपुलेजी, यार, इतना भी ईमानदार मत रहो!" प्रभा घरी येऊन ते सांगताना हसून हसून सोफ्यावर बसली. इतकी हसताना मी तिला पाहिलं, ते बहुतेक गणपुल्यांच्याच गोष्टी सांगताना.

तिचं पुस्तक निघालं. मंडळाने काढलेली छोटी पुस्तिका. त्यातली प्रत्येक गोष्ट स्वच्छ, नेटकी. पण गणपुल्यांची पद्धत ऑफिसातली होती. आधी जे बोललं गेलं त्याचा कच्चा मसुदा, मग साहेब गाळतील ते गाळून पक्की प्रत. आणि कच्चा मसुदा कधी फाडायचा नाही. प्रभा गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं, कॉम्प्युटरवरचं कापड दूर केलं आणि सगळे कच्चे मसुदे दाखवले. ते कापडही प्रभाच्या हिरव्या साडीचं होतं, काठासकट. कव्हर तिनेच शिवून दिलं होतं. मला माहीत नव्हतं.

पडद्यावर ती बोलत होती. 'शिंकाळं म्हणजे, थांबा हो गणपुले, गॅसवर दूध आहे, बघून येते. हां. शिंकाळं म्हणजे दह्यादुधाला मांजरापासून वाचवायचं टांगतं घर. भैया, दो मिनट, आलू कैसे दिए? इतने? रहने दो.' मग कंसात 'हशा'. विधिमंडळाच्या कामकाजात लिहितात तसं. ती थोडीशी टकटक म्हणजे ही होती.

तिचं बोलणं ऐकायला मला दुसऱ्याच्या घरी जावं लागत होतं. मी रोज जाऊ लागलो. रोज तो पडदा बघून घरी येताना मला वाटे, हे सगळं माझ्या घरात व्हायला हवं होतं.

प्रश्न उभा राहिला तो कॉम्प्युटरचा. सोसायटीतले म्हातारे दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला भरून घ्यायला गणपुल्यांकडे येत. त्या वर्षी सरकारी साइट त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. माझी मुलगी मुक्ता नोएडाला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी आली तेव्हा ती बसून बघू लागली.

"काका, ये तो म्यूझियम में होना चाहिए! याचा सपोर्ट बंद होऊन किती वर्षं झाली."

"मला कुठे लागतो सपोर्ट? मी कठडा धरून उतरतो."

"काका, सीरियसली. व्हायरस आला तर?"

"येणार कुठून? इंटरनेटची तार मी दाखल्यांपुरती जोडतो आणि काढून ठेवतो. जिन्याने येईल का?"

पण मग तिने त्यांना आतला आवाज ऐकवला. डिस्क मधूनच करकरत होती. "ही कधीही जाईल काका. मी नवी डिस्क टाकते, नवी सिस्टीम टाकते. अपग्रेड करून घ्या. बिल्कुल नवा होईल."

"मग हे कुलूप?"

मुक्ताने मागे वाकून पाहिलं. "हे नाही चालणार. नवी सिस्टीम याला ओळखणार नाही. आणि बनवणारी कंपनीच आता नाहीये."

फाइली तिने आपल्या लॅपटॉपवर घेऊन पाहिल्या. प्रभाचं बोलणं इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि टिंबांचा ढीग होऊन समोर आलं. कुठल्याशा कन्व्हर्टरमधून काढल्यावर अर्धं सुधारलं आणि अर्ध्याचा चिवडा झाला. पडद्याचे मोबाइलवर फोटो काढले, तर त्या जुन्या काचेच्या पडद्यावर काळे पट्टे आले. प्रिंटर केव्हाच बंद पडला होता आणि नवा त्या कॉम्प्युटरला जोडला जाईना.

एका बाजूला जिवंत माणसांचे दाखले, दुसऱ्या बाजूला बाईंचं बोलणं, असं गणपुले म्हणाले. दोन दिवस ते विचार करत होते. खालच्या मजल्यावरचे सरदारजी दाखल्यासाठी दोनदा येऊन गेले. मी आतून चडफडत होतो. बायको माझी आणि तिचं बोलणं ठेवायचं की घालवायचं हे गणपुले ठरवणार!

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. आत आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"साहेब, तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार? कॉम्प्युटर तुमचा."

"मसुदा बाईंचा. बाई नाहीत, म्हणजे आता साहेब तुम्ही. माझं काम उतरवण्याचं होतं. ठेवायचं की गाळायचं, हे मी ठरवलं तर तो आगाऊपणा होईल."

इतक्या वर्षांत ते मला हजारदा 'साहेब' म्हणाले असतील. त्या दिवशी त्यांनी तो शब्द वापरला तसा कधी वापरला नव्हता.

"काहीही गाळायचं नाही," मी म्हणालो.

"ठीक. मग अपग्रेडच्या आधी सगळं नव्यात उतरवून घ्यावं लागेल. पण साहेब, एक अडचण आहे. मला आता पडदा दिसत नाही."

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. कडेचं दिसे, ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नसे. दाखले ते अंदाजाने आणि म्हाताऱ्यांच्या मदतीने भरत होते. पण टाइप करायला त्यांना डोळे कधीच लागले नव्हते.

मुक्ताने तिचा जुना लॅपटॉप हिवाळ्यापुरता आणून ठेवला आणि त्यात त्यांच्या सवयीचा टाइपरायटरचा कीबोर्ड बसवून दिला. खालच्या सरदारजींचा दाखलाही त्यावरून भरला गेला. आणि आम्ही दुपारी बसू लागलो. मी जुन्या कॉम्प्युटरसमोर, पडद्यावरचं वाचणारा. गणपुले खिडकीशी, ऊन पाठीवर घेऊन, लॅपटॉप समोर, डोळे मिटलेले. दार सताड उघडं, खाली चपलांचं कपाट. मी म्हणालो, "आता दार कशाला उघडं?" ते म्हणाले, "सवय आहे साहेब. बंद दारात मला सुचत नाही."

तिची वाक्यं माझ्या तोंडून येऊ लागली. मी ती माझ्या संथ आवाजात वाचत असे. 'फडताळाचं दार करकरतं म्हणून आई त्याला तेल लावायची, आणि मग लाडू कोण चोरतंय ते कळायचं नाही. कंसात हशा.' गणपुले कंस टाइप करत, हशा टाइप करत, आणि म्हणत, "हं, पुढे."

मी एक गोष्ट शोधत होतो. गणपुले तिच्याशी काय बोलत, ते मला पाहायचं होतं. इतकी वर्षं समोरच्या दारातून टकटक ऐकून जे मला कळलं नव्हतं, ते आता माझ्या डोळ्यांसमोर होतं, असं मला वाटलं. पण ते नव्हतंच. एके ठिकाणी प्रभा म्हणते, 'काय सांगता! मग तुम्ही काय म्हणालात तिला?' पुढच्या ओळीत, 'अरे देवा.' आणि मग कंसात हशा. मधलं काही नाही.

मी वाचायचा थांबलो. "काय म्हणाला होतात तुम्ही? कोणाला?"

गणपुल्यांची बोटं चालली. मग त्यांनी मान कलती केली. "आता कुठे आठवतंय. लघुलेखकाचं बोलणं कागदावर येत नसतं, साहेब. तो खोलीत नसतोच."

सगळ्या फाइलींत, इतक्या वर्षांच्या दुपारींत, गणपुल्यांचा एक शब्द नव्हता. 'हं, पुढे' सुद्धा नव्हतं. तिची उत्तरं होती, त्यांचे प्रश्न नव्हते. तिचं हसणं होतं, ते कशावर हे नव्हतं. ज्याचा मी इतका हेवा केला, तो माणूस त्या कागदांत कुठे सापडेना. आणि न सापडल्यामुळे मला त्याचा जास्तच हेवा वाटला. सापडला असता तर निदान वाचून संपवता आला असता.

पुढे एका दुपारी तिचं माझ्याबद्दलचं वाक्य आलं. 'हे बघा गणपुले, दार लोटू नका. हे तिकडे काही बोलायचे नाहीत, पण दार लागलं की लगेच खोकायला लागतात.'

"मी कधी खोकलो?" मी म्हणालो.

गणपुल्यांची बोटं चालली.

"अहो, हे नका टाइप करू!"

ते वाक्यही टाइप झालं. मी त्यांच्या मागे जाऊन पाहिलं. तिच्या वाक्याखाली माझं, त्याखाली पुन्हा माझं. कोण बोललं याची कुठे खूण नाही. एक बाई नवऱ्याची तक्रार करते आणि नवरा तिला उत्तर देतो, असं ते दिसत होतं. अनोळखी माणसाने वाचलं तर त्याला वाटेल, ही दोघं एका खोलीत बसून बोलत होती.

"गाळू का साहेब?" गणपुल्यांनी विचारलं. चेहरा सरळ होता.

"राहू द्या," मी म्हणालो.

त्यानंतर मी वाचताना जास्त बोलू लागलो. ती बटाट्याचा भाव करायची तिथे मी म्हणायचो, "घ्यायचे होतेस." ती दूध बघायला उठायची तिथे मी म्हणायचो, "मी बंद केला असता गॅस." गणपुले सगळं उतरवत. त्यांनी कधी विचारलं नाही की यातलं मसुद्यातलं कोणतं आणि तुमचं कोणतं. मला वाटतं, त्यांना ते ऐकूनच कळत होतं.

धुक्याच्या दिवसांत त्यांची छाती भरली. पुतण्या येऊन त्यांना आपल्याकडे गाझियाबादला घेऊन गेला, आणि तिथून इस्पितळात. ते परत आले नाहीत. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली होती, आणि पुतण्याने नंतर कॉम्प्युटर कव्हरासकट माझ्याकडे आणून ठेवला.

राहिलेला भाग मुक्ताने टाइप केला. रविवारी ती यायची, मी वाचायचो. ती फार भरभर टाइप करते, पण मध्येच विचारायची, "बाबा, हे आलूवालं काढून टाकू? ये तो बेकार है ना?" मी नाही म्हणायचो. 'उंबरा' हा शेवटचा शब्द संपला तेव्हा तिने पहिल्यापासून सगळं वाचून काढलं आणि एका जागी थांबली. "बाबा, 'थांबा, गॅस बंद करून येतो' हे कोण म्हणालं? आई तर 'येते' म्हणेल."

"मी."

"मग काढू?"

"नको."

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. डिस्क करकरत होती. "मग आता याला अपग्रेड करू? खाली सोसायटीच्या ऑफिसात ठेवू. नोव्हेंबरात सगळ्यांच्या कामाला येईल."

गणपुल्यांना तेच हवं होतं. मी हो म्हणालो. पाठीमागचं करडं कुलूप तिने उपटून माझ्या हातात दिलं आणि कव्हर घडी करून माझ्या कपाटात ठेवलं.

लॅपटॉप परत करायच्या आधी मी ती फाइल एकट्याने उघडली. मुक्ता थांबली होती ती जागा काढली. ती दुपार गणपुल्यांची इथली शेवटची होती. तेव्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. मला आठवलं, घरी गॅसवर चहा होता, म्हणून मी उठलो. परत आलो तेव्हा ते तसेच बसले होते. पाठीवर ऊन, डोळे मिटलेले, मान कलती, दहाही बोटं कीबोर्डच्या किंचित वर धरलेली. दुसरा कोणी असता तर हात मांडीवर ठेवून बसला असता. माझ्या चपलांचा आवाज ऐकून ते ज्या आवाजात तिला म्हणत असतील त्याच आवाजात काहीतरी म्हणाले, आणि मी वाचू लागलो.

फाइलीत त्या ठिकाणी 'थांबा, गॅस बंद करून येतो' आहे, कंसात 'व्यत्यय' आहे, आणि त्याखाली सरळ प्रभाचं पुढचं वाक्य. मी दोन्हींच्या मधे जागा केली. एका बोटाने, कीबोर्डवर अक्षरं शोधत, मी तिथे त्यांचं नाव घातलं आणि त्यापुढे टाइप केलं, 'हं, पुढे.'